समोरच्या दुकानातली काजं

माझा बाप भित्रा कधीच नव्हता. गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी "पोट आत घेऊ नका साहेब, माप खोटं येतं" असं तोंडावर सांगणारा माणूस. तोच माणूस त्या वर्षी दुपार कलली की टेप गळ्यात तसाच ठेवून दुकानाच्या दारात उभा राहायला लागला. रस्त्याच्या या टोकाला बघायचा, मग त्या टोकाला. आधी त्याचे हात थरथरायचे, मग ओठ. आणि मग मला विचारायचा, "ती कुठंय गं?"

ती म्हणजे माझी आई. हिवाळ्यात वारली. हे मला ठाऊक, गल्लीला ठाऊक, समोरच्या दुकानदारांना ठाऊक. फक्त ज्याची बायको गेली त्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

आमचं कपडे शिवायचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये कपडे घालून बघायला एक पडदा. कापणं आणि शिवणं बापाचं, म्हणजे अण्णांचं, काजं आईची. मशीनवर काजं पाडून घेणाऱ्या टेलरला अण्णा टेलरच म्हणत नसत. "भोकंच पाडायची तर उंदराकडे द्या" म्हणायचे. आई त्यांच्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसायची. शिवून झालेला शर्ट ते न बघता तिच्या मांडीवर टाकायचे, ती काजं करून न बघता परत टाकायची. मग अण्णा डोळे मिटून पहिल्या काजावरून अंगठा फिरवायचे आणि "हं" म्हणायचे. एवढंच. अख्ख्या संसारात तिच्या वाट्याला आलेलं कौतुक ते. बाकी दिवसभर दोघांची धुसफूस चालायची, पंखा किती वेगाने ठेवायचा इथपासून ते रेडिओवर काय लावायचं इथपर्यंत.

माझा संसार टिकला नाही. मी परत आले आणि दुकानात बसायला लागले. नवं शिवायला आता कोण येतंय! लोक तयार कपडे घेतात आणि पँटची उंची कमी करायला, चेन बदलायला आमच्याकडे येतात. तेवढं मी करते. अण्णा मला 'टाचणी' म्हणतात. लहानपणी काडीसारखी होते म्हणून, असं ते सांगायचे. आईचं म्हणणं, नाव माझ्या टोचऱ्या जिभेवरून पडलं.

तर सुरुवातीला मी खरंच सांगितलं. "अण्णा, आई गेली. हिवाळ्यातच गेली." त्यांनी भिंतीला हात लावला, हळूहळू खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. मग मी चहा केला. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, तोंड पुसलं आणि विचारलं, "ती कुठंय गं?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच रडणं, पहिल्यांदाच ऐकावं तसं. असं रोज चाललं. एकदा तर माझ्यावरच उखडले, "आणि हे मला आत्ता सांगतेस?" मी मागच्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं.

अण्णांच्या गोळ्या जिथून आणायचे त्या दवाखान्यात एक सल्लागार बाई बसायच्या. हळू बोलायच्या, इतकं हळू की मला त्यांचा राग यायचा. त्या म्हणाल्या, "कारण खोटं असलं तरी भीती खरी असते. कारणाशी वाद घालू नका, भीतीकडे बघा." अंधार पडायच्या आधी दिवे लावा. हाताला ओळखीचं काम द्या. आवाज चढवू नका. आणि बायकोबद्दल विचारलं तर त्यांनाच तिच्याबद्दल बोलतं करा, तिची आठवण येते का विचारा. मी सगळ्याला मान डोलावली. घरी पोचेपर्यंत त्यातलं मला सोयीचं तेवढं डोक्यात उरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा दारात उभे राहिले, तेव्हा मी त्यांना बोलतं वगैरे केलं नाही. मी म्हटलं, "आई मावशीकडे गेलीये. येईल."

"मावशीकडे होय," अण्णा म्हणाले. "मला सांगून नाही गेली." आणि आत येऊन बसले. हात थांबले.

इतकं सोपं होतं हे! मला कुणी आधी का सांगितलं नाही असं झालं. दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तो लांब राहतो. लांबून माणसाला सगळं स्वच्छ दिसतं. "बघ, मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला. तो काहीच म्हणाला नव्हता, पण त्या दिवशी मी खुशीत होते, सोडून दिलं.

हाताला काम द्यायचं तेही मी जमवलं. कापणं आता त्यांना जमत नव्हतं. कात्री हातात घेऊन नुसते कापडाकडे बघत बसायचे. पण कापून दिलेलं शिवायला बसले की हात आपोआप चालायचे. म्हणून मी घरातल्या जुन्या चादरी काढल्या आणि त्यांचे शर्ट कापून द्यायला लागले. मोठाल्या फुलांच्या चादरी. अण्णांनी एक बाही हातात धरून मला विचारलं, "हा कोण शहाणा असले शर्ट घालतोय?"

"बँडवाले आहेत, अण्णा. सगळ्यांना सारखेच हवेत."

"वाजवतात तरी बरं का?" म्हणाले आणि मशीनला पाय लावला. आम्ही दोघं हसलो. खोटं बोलण्यात इतकी मजा असते हे मला माहीत नव्हतं. ते दिवस चांगले गेले, कशाला नाकारू!

मग शर्ट साठले. शिवून झालेला शर्ट अण्णा समोरच्या रिकाम्या खुर्चीवर टाकायचे, कारण पुढचं काम त्यांचं नव्हतंच. खुर्चीवर ढीग झाला. आणि भीती परत आली, या वेळी वेगळं तोंड घेऊन. "काजं राहिलीत. बँडवाले येतील. काय दाखवू त्यांना? ती येत का नाही? तिला काही झालं का?" दारात, रस्त्याच्या या टोकाला, त्या टोकाला. जेवेनात. ताट पुढे ढकलून द्यायचे. मी म्हटलं, काजं मी करते, तर म्हणाले, "तुझं काम आहे का ते?"

तेव्हा मी ते केलं. एक शर्ट मागच्या खोलीत नेला, दार लावलं, हाताने काजं केली आणि दुसऱ्या दिवशी अण्णांपुढे ठेवली. "आईने मावशीकडून करून पाठवली."

अण्णांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जिंकलं आपण. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या काजावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. डोळे उघडले, शर्ट उजेडाकडे नेला.

आता काज म्हणजे काय, बटणाचं भोक, त्याच्या कडेने टाके घालायचे, असं कुणालाही वाटेल. आई आधी कडेला एक जाड दोरा धरायची आणि तो पोटात घेऊन त्याच्यावर एकाला एक लागून टाके घालायची. तिचं काज कापडावर उठून यायचं, बोटाला लागायचं. मलाही तिने शिकवलं होतं, पण मी मशीनवाली. माझा दोरा कुठे ढिला, कुठे घट्ट. माझं काज दोन धुण्यांत तोंड पसरतं.

"घाईत केलंय," अण्णा म्हणाले.

"मावशीकडे कामं असतील ना."

"हं," ते म्हणाले, पण ते नेहमीचं 'हं' नव्हतं.

मी थांबायला हवं होतं. पण त्या दिवशी ते जेवले. भीती गेली, म्हणून दुसरा शर्ट केला, तिसरा केला. आणि मी काजं सुधारायचा जितका प्रयत्न करावा तितके अण्णा गप्प होत गेले. "मन नाही हिचं," एकदा म्हणाले. मग, "ही माझ्यासाठी असं काम करणार नाही. हिच्याकडे दुसरं काम आहे." एका दुपारी मी बघितलं, ते दारात उभे होते पण रस्त्याच्या टोकांकडे बघत नव्हते. सरळ समोर बघत होते.

समोर दुसरं दुकान आहे. तिथले मास्तर कोट शिवतात. अण्णांच्याच वयाचे, सडपातळ, बूट चकचकीत. काचेआड एक पुतळा असतो, त्याच्या अंगावर कोट, आणि मास्तर रोज त्या पुतळ्याच्या खांद्यावरची धूळ झटकतात. या दोघांचं आयुष्यभर असंच, तोंडावर नमस्कार आणि पाठीवर टोमणे. आई गेली तेव्हा तिला हॉस्पिटलातून घरी आणायला गाडी मात्र त्यांनीच ठरवली होती.

अण्णांनी रस्ता ओलांडला. मी पँटला इस्त्री करत होते. बघते तर माणूस पलीकडे. इस्त्री उभी करून धावले. पोचले तोवर अण्णा आत शिरले होते. एक गिऱ्हाईक आरशासमोर कोट घालून उभं होतं. अण्णांनी काही न बोलता त्याच्या कोटाची कड हातात घेतली, डोळे मिटले आणि काजावरून अंगठा फिरवला.

"हं," अण्णा म्हणाले.

ते अस्सल होतं. समोरचे मास्तर स्वतः हाताने काजं करतात आणि अप्रतिम करतात, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. अण्णांनाही माहीत होतं, पूर्वी.

"हे तिचं काम," अण्णा म्हणाले. आवाज चढला. "चांगली काजं याच्यासाठी. आणि मला कसले बोळे पाठवते? कुठंय ती?"

"अहो मास्तर, बसा आधी, पाणी घ्या," समोरचे मास्तर म्हणाले. "वहिनी इथे कुठून असतील?"

"कुठे लपवलीस?" अण्णांनी फर्रकन पडदा ओढला. आत एक जाडजूड गृहस्थ अंतर्वस्त्रांवर, एक पाय पँटीत घातलेला. तो किंचाळला. दुकानातले हसले, बाहेरचे हसले, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू फुटलं. ते ओठावर असतानाच अण्णांनी आईला तो शब्द वापरला. या माणसाने आयुष्यात कुठल्या बाईला तसं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भर दुकानात, दार सताड उघडं. मी त्यांचा दंड धरून त्यांना अक्षरशः ओढत परत आणलं.

आणि त्या दिवशी अण्णा पोटभर जेवले. मागून घेऊन जेवले. दुसऱ्या दिवशी दुपार कलली, मी दिवे लावले, वाट बघत बसले की आता उठतील, आता दारात जातील. उठलेच नाहीत. दाराकडे पाठ करून शिवत बसले. हात स्थिर. "गेली तर गेली," म्हणाले. "मी काही मरत नाही तिच्यावाचून."

जी भीती गोळ्यांनी गेली नाही, दिव्यांनी गेली नाही, मावशीनेही पुरती गेली नाही, ती या रागाने साफ गेली. तिला काही झालं असेल ही काळजीच संपली. ती मजेत होती ना, समोर! काळजी कसली करायची?

दादा फोनवर म्हणाला, "मग चांगलंच आहे की. शांत आहेत ना?"

"दादा, ते आईला काय काय म्हणतात ऐकायचंय?"

"म्हणू दे ना. आई कुठे ऐकायला बसलीये?"

"मी बसलीये ना!" मी ओरडले. "शेवटच्या दिवशी तू नव्हतास. तिच्या दोन्ही हातांना सुया लावलेल्या, धरायला हात नव्हता, म्हणून अण्णा तिचा पाय धरून बसले होते. नर्स उठा म्हणाली तरी उठले नाहीत. मोजा घसरला की वर ओढायचे. त्या माणसाच्या डोक्यात आता आई म्हणजे कोण आहे माहितीये?"

दादा म्हणाला, तू दमलीयेस, काही दिवस माणूस ठेव. मी फोन आपटला.

अण्णा आता येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागले. शर्टाची बाही आखूड करायला आलेल्या माणसाला, चेन बदलायला आलेल्या पोरीला. "बायको पळाली. लांब नाही, ही काय समोर." आईला ओळखणारे मान खाली घालायचे. न ओळखणारे कान टवकारायचे. पडदे शिवून घ्यायला आलेली एक नवीनच बाई कोरा चेहरा करून ऐकत होती आणि पैसे देताना मला हळूच म्हणाली, "खरंच का हो?" मला तिच्या तोंडावर तिचे पडदे फेकून मारावेसे वाटले. जी बाई जन्मात समोरच्या फुटपाथवर विनाकारण उभी राहिली नाही, तिच्याबद्दल 'खरंच का हो'!

एका सकाळी अण्णा मागे आंघोळ करत असताना समोरचे मास्तर आले. खुर्चीवर बसले नाहीत, ढीग बघून उभेच राहिले. एक शर्ट उचलला, काजं बघितली.

"ही तू केलीस."

"हो."

"वाटलंच," ते म्हणाले. "मला काही नाही गं. या वयात असला आळ आला की लोक उलट आदराने बघतात. पण तुझ्या आईने काय कुणाचं घोडं मारलं होतं? सरळ सांग त्यांना, काजं तुझी आहेत म्हणून."

सांगितलं. त्याच दिवशी, त्यांच्यापुढे बसून, त्यांच्या डोळ्यांदेखत एक काज करून दाखवलं. तसंच ढिलं, तसंच वाकडं. अण्णांनी सगळं नीट बघितलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "टाचणे, तू कशाला तिला पाठीशी घालतेस? आईची बाजू घ्यावीशी वाटणारच, मला कळतं."

सल्लागार बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मावशीकडे गेली असं सांगा असं मी म्हटलं नव्हतं." बरोबर होतं त्यांचं, म्हणूनच मला जास्त झोंबलं. पुढे त्या म्हणाल्या, आता त्यांना बरं वाटतंय तर खरं सांगायची घाई करू नका, सांगून काय होईल नेमकं सांगता येत नाही. मी मान डोलावली आणि बाहेर पडले. रस्त्यात माझं ठरलं. आईकडे दुसरं होतंच काय? ना दागिना, ना फोटोत नीट आलेला चेहरा. त्या माणसाच्या अंगठ्याखाली तिची जागा होती, तेवढीच तिची मिळकत. ती मी खोटी काजं करून घालवली होती, आणि ती परत मिळवून द्यायची होती. अण्णा रडले तर रडले. दिवसभर रडले तरी चालेल, पण तिच्यासाठी रडायला हवेत.

सकाळची वेळ निवडली, कारण सकाळी त्यांचं डोकं जरा ठिकाणावर असायचं. दुकानात कुणी नव्हतं. मी खुर्चीवरचा ढीग खाली ठेवला आणि त्यांच्या समोर बसले.

"अण्णा, मशीन थांबवा. आई पळाली नाही. कुठेच गेली नाही. आई वारली."

त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं. ते खूप वेळ सुईकडे बघत राहिले. मला वाटलं आता कोसळतील. मी उठायच्या तयारीत होते.

"कधी?"

"हिवाळ्यात."

"कुठे? त्याच्याकडे?"

"नाही, अण्णा! हॉस्पिटलात. तुम्ही होतात तिथे. तिचा पाय धरून बसला होतात. मोजा वर ओढत होतात."

"मी नव्हतो."

"होतात. मी शेजारीच होते."

"टाचणे," ते म्हणाले. रागावले नव्हते, समजावत होते. "एवढी मोठी गोष्ट माणूस विसरेल का? मी असतो तर मला आठवलं असतं."

मी पुन्हा सांगितलं. खोली सांगितली, खिडकी सांगितली, नर्सचं नाव सोडून सगळं सांगितलं. ते नुसती मान हलवत होते, आणि मान हलवता हलवता रडायला लागले. पण हे ते रडणं नव्हतं, मला हवं होतं ते. "निरोप तरी पाठवायचा," ते म्हणाले. "भांडण झालं म्हणून काय झालं? मी गेलो असतो. रस्ता तर ओलांडायचा होता नुसता."

"भांडण नव्हतं, अण्णा. काहीच नव्हतं."

ते ऐकतच नव्हते. त्यांचे हात थरथरायला लागले. मग ओठ. कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं ते सगळं परत आलं, भर सकाळी. "एकटीच होती का? तिला एकटीला भीती वाटते. रात्री दिवा ठेवायला लागतो तिला. दिवा ठेवला होता का कुणी? हाका मारल्या असतील तिने. मला ऐकू कसं नाही आलं?" ते उठले, दाराकडे गेले, परत आले, टेबलाला धडकले. कात्री खाली पडली. मी म्हणत होते, तुम्ही होतात, तुम्ही होतात, आणि दर वेळी ते जास्तच घाबरत होते, कारण आपण तिथे नव्हतो एवढी एकच गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. माझी मनगटं धरून ते मला हलवायला लागले. "सांग ना! कुणी होतं का तिच्याजवळ?"

त्यांचे डोळे मला बघवेनात. मला वाटलं, हा माणूस आता माझ्या हातात मरतो.

"होतं," मी म्हणाले. "समोरचे मास्तर होते."

"नीट बघितलं त्याने?"

"नीट बघितलं, अण्णा. शेवटपर्यंत."

"दिवा?"

"दिवाही ठेवला होता."

त्यांची पकड सैल झाली. ते खाली बसले. शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, त्याच फुलाफुलांच्या शर्टाच्या. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मग बरं झालं. मी उगाच त्याला बोललो." आणि थोड्या वेळाने, "तिलाही मी माफ केलं. असतं एकेकाचं."

माझ्या तोंडाशी आलं होतं, कशाबद्दल माफ केलंत? काय केलं होतं तिने? गिळलं. "हो अण्णा," म्हणाले.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. केस विंचरले, धुतलेला शर्ट घातला आणि रस्ता ओलांडला. मी बरोबर गेले, मागे राहून काय करणार होते? समोरचे मास्तर त्यांना बघून सावध उभे राहिले. अण्णांनी हात जोडले.

"तिचं शेवटचं तुम्ही केलंत," अण्णा म्हणाले. "उपकार झाले. मी कोतेपणा केला, मनात ठेवू नका."

मास्तरांनी अण्णांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते खरं बोलतील अशी मला भीती वाटली, आणि त्यांनी खरं बोलावं असंही मला फार वाटलं. मला आता बोलता येणार नव्हतं, ते तरी बोलू शकत होते.

"फार त्रास नाही झाला वहिनींना," मास्तर म्हणाले.

"माझी आठवण काढायची?"

"रोज."

अण्णांनी मान डोलावली. डोळे पुसले, पुतळ्याच्या कोटाकडे एकदा बघितलं आणि माझा हात धरून परत निघाले. रस्ता ओलांडताना गाड्या बघून मलाच थांबवलं त्यांनी. त्यानंतर त्यांनी आईबद्दल कधी विचारलं नाही. दारात उभे राहत नाहीत. जेवतात, शिवतात, संध्याकाळी समोर जाऊन मास्तरांबरोबर चहा पितात, आणि दोघं माझ्या आईबद्दल बोलत बसतात, तिकडे ती किती सुखात होती त्याबद्दल. दादा म्हणतो, तू कमाल केलीस. मी काय केलं ते मला माहीत आहे. माझ्या आईच्या बाजूने खरं बोलणारं त्या रस्त्यावर आता कुणी नाही, आणि मीही बोलत नाही.